लिथुआनिया, पोलंड, जर्मनी आणि एक व्हायोलिन: कॉन्सर्टला जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी मंडळींना कधी ना कधी असं पोस्टर दिसतं: लिथुआनियन, पोलिश आणि जर्मन संगीत, सोबत व्हायोलिनचा एकल वादक. तिकीट परवडण्यासारखं असतं, हॉल घराजवळ असतो, पण नावं ओळखीची नसतात. मग फोन सुरू होतात. त्या फोनवर येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. उदाहरणासाठी या जातीचा एक नमुनेदार कार्यक्रम धरला आहे: आधी लिथुआनियन चुर्ल्योनिसचं 'मिश्के', मग पोलिश कार्वोविचचा व्हायोलिन कॉन्चेर्टो (ऑर्केस्ट्राच्या साथीने एकल वादकासाठीची रचना), मध्यंतर, आणि शेवटी जर्मन शुमानची पहिली सिम्फनी (अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना). तुमच्या पोस्टरवर रचना वेगळ्या असल्या तरी बरंचसं लागू पडेल.

हे तीनच देश एकत्र का? ओढूनताणून जमवलेलं वाटतं.

पोस्टरवर वाटतं खरं. पण ही नावं घेऊन लाइपझिग शहरात गेलात तर सगळे एकमेकांचे शेजारी निघतात.

शुमानची पहिली सिम्फनी 31 मार्च 1841 रोजी लाइपझिगच्या गेवांडहाउस या संगीतगृहात पहिल्यांदा वाजली, आणि कंडक्टर होता संगीतकार मेंडेल्सोन. दोनच वर्षांनी, 1843 मध्ये, मेंडेल्सोनने त्या शहरात संगीताचं कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे महाविद्यालय, सुरू केलं. शुमानने तिथे काही काळ शिकवलंही. 1901 मध्ये त्याच कॉन्झर्व्हेटरीत एक अबोल लिथुआनियन विद्यार्थी दाखल झाला, तो चुर्ल्योनिस. त्याचा गुरू कार्ल राइनेके. या राइनेकेने 1860 ते 1895 गेवांडहाउसचा ऑर्केस्ट्रा सांभाळला होता, आणि तरुणपणी मेंडेल्सोन आणि शुमान या दोघांचा सहवास त्याला लाभला होता. राइनेकेनंतर ऑर्केस्ट्रा आर्थर निकिशकडे गेला, आणि 1906-07 च्या सुमारास निकिशकडे कंडक्टिंग शिकायला आला पोलंडचा कार्वोविच.

म्हणजे तीन देश आणि एकच गुरुकुल. आपल्याकडे घराण्याची वंशावळ सांगतात तशी ही सांगता येते.

लिथुआनिया आणि पोलंड यांचं नातं तर त्याहून जुनं. 1569 पासून 1795 पर्यंत ही दोन्ही एकाच संयुक्त राज्याचा भाग होती. नंतर रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी ते राज्य वाटून घेतलं, आणि लिथुआनिया व वॉर्सा दोन्ही झारच्या अमलाखाली गेले. त्यामुळे 1870 च्या दशकात जन्मलेल्या माणसाला 'तू लिथुआनियन की पोलिश?' असं विचारलं तर उत्तर सरळ मिळत नसे. पोस्टरवरचे झेंडे म्हणूनच फार मनावर घेऊ नयेत. ते आजचे आहेत, संगीत त्यांच्या आधीचं आहे.

नावं कशी उच्चारायची?

मिकालोयुस कोन्स्तान्तिनास चुर्ल्योनिस. म्येचिस्वाव कार्वोविच. पोलिशमध्ये 'एल'वर तिरकी रेघ असली की 'व' म्हणायचं, म्हणजे निम्मी लढाई जिंकली. शुमानला अडचण नाही.

चुर्ल्योनिस म्हणजे तो चित्रकार ना?

हो, तोच. कितीतरी लोक त्याला फक्त चित्रकार म्हणून ओळखतात, कारण काउनास शहरात त्याच्या नावाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे आणि लिथुआनियाला गेलेल्या प्रत्येक पर्यटकाला तिथे नेलं जातं. पण तो आधी संगीतकार होता. जन्म 1875 चा, वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, बालपण द्रुस्किनिन्कायमध्ये गेलं. पोरगेल्या वयात प्लुंगे गावी प्रिन्स ओगिन्स्कीच्या ऑर्केस्ट्राच्या शाळेत राहून बासरी शिकला. वॉर्साचं शिक्षण त्याच ओगिन्स्कीच्या पैशावर झालं आणि लाइपझिगचंही. 1902 मध्ये ओगिन्स्की वारला, पैशाचा ओघ आटला आणि चुर्ल्योनिस परत फिरला.

घरात पोलिश बोलली जायची. तो पत्रंही पोलिशमध्येच लिहायचा. लिथुआनियन भाषा त्याने पुढे नेटाने शिकली, त्यात मोठा हात त्याच्या बायकोचा, सोफिया किमान्ताइते या लेखिकेचा. एक गोष्ट लक्षात घ्या: 1864 ते 1904 अशी चाळीस वर्षं झारच्या सरकारने लॅटिन लिपीत लिथुआनियन पुस्तकं छापायला बंदी घातली होती. आज लिथुआनिया ज्याला आपला पहिला मोठा संगीतकार मानतो, त्या माणसाचं लहानपण आणि तारुण्य या बंदीच्या काळात गेलं.

आयुष्य लहान. 1911 च्या एप्रिलमध्ये वॉर्साजवळच्या एका सॅनेटोरियममध्ये न्यूमोनियाने गेला, तेव्हा वय फक्त 35. विल्न्यूसच्या रासोस दफनभूमीत त्याची समाधी आहे.

वेळ असेल तर कॉन्सर्टच्या आधी त्याची 'समुद्राची सोनाटा' ही चित्रमालिका बघा. 1908 ची आहे, तीन चित्रं, आणि नावं सोनाटाच्या, म्हणजे अनेक भागांच्या वाद्यरचनेच्या, भागांचीच: अलेग्रो, आंदांते, फिनाले. शेवटच्या चित्रात एक प्रचंड लाट लहान होड्यांवर उचललेली आहे. तिच्या फेसाकडे नीट पाहिलंत तर फेसाच्या थेंबांमधून त्याच्या नावाची आद्याक्षरं तयार झालेली दिसतात.

'मिश्के'मध्ये काय ऐकायचं? मला तर काही घडतच नाही असं वाटलं.

'जंगलात' हे त्याचं नाव, आणि जंगलात तसं फार काही घडत नाही. 1900-01 मध्ये लिहिलेली ही रचना, साधारण सोळा-सतरा मिनिटांची. मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी लिथुआनियन संगीतकाराने लिहिलेली ही पहिली महत्त्वाची रचना मानतात. सुरुवातीच्या हळुवार, रुंद स्वरसमूहांबद्दल चुर्ल्योनिसने स्वतःच लिहून ठेवलं आहे की ती आपल्याकडच्या पाइनच्या झाडांची सळसळ आहे.

तेव्हा ठळक चालीची वाट बघत बसू नका. आलाप ऐकताना आपण बंदिशीची घाई करत नाही, तसंच इथे कान सोडून द्यायचा. पहिली पाच मिनिटं फक्त तंतुवाद्यांच्या आवाजाचा पोत ऐका, त्यावर लाकडी फुंकवाद्यं कुठे डोकं वर काढतात तेवढं बघा. मग मध्ये ऑर्केस्ट्रा भरून येतो तो भाग आपोआप लागू पडतो. रिचर्ड श्ट्राउससारखी आतषबाजी मात्र यात नाही, आणि ती नाही म्हणूनच मला हे आवडतं.

एक तक्रार इथेच नोंदवतो. असल्या कार्यक्रमात लिथुआनियन रचना जवळजवळ नेहमी सुरुवातीला, ताटातल्या कोशिंबिरीसारखी ठेवतात. खरं तर चुर्ल्योनिसची दुसरी मोठी रचना 'यूरा', म्हणजे समुद्र, अर्ध्या तासाची आहे, तिच्यात ऑर्गनही आहे, आणि ती मध्यंतरानंतरची जागा सहज पेलू शकते. आयोजक तसं धाडस क्वचित करतात.

कार्वोविच कोण? शोपँनंतर पोलंडमध्ये कुणी होतं का?

होतं ना! फक्त शोपँची सावली फार लांब पडते.

कार्वोविच चुर्ल्योनिसपेक्षा एका वर्षाने लहान. जन्म डिसेंबर 1876, विश्नेव्ह गावचा. ते गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, जुन्या लिथुआनियाच्या मुलखात, आणि आज बेलारूसमध्ये आहे. वडील यान कार्वोविच हे भाषा आणि लोकसाहित्याचे मोठे अभ्यासक. मुलगा हायडेलबर्ग, प्राग, ड्रेस्डेन अशा शहरांत वाढला, आणि वॉर्सामध्ये स्तानिस्वाव बार्त्सेविच या नामवंत वादकाकडे व्हायोलिन शिकला. 1895 मध्ये बर्लिनला गेला तो योआखिमकडे शिकायच्या इराद्याने. योआखिम म्हणजे त्या काळचा व्हायोलिनचा शेवटचा शब्द, ब्राम्सने आपला कॉन्चेर्टो ज्याला अर्पण केला तो. तिथे काही त्याला प्रवेश मिळाला नाही. मग तो हाइन्रिश उर्बानकडे रचनाशास्त्र शिकू लागला आणि वादकाचा संगीतकार झाला.

1902 मध्ये त्याने लिहिलेला हा एकमेव व्हायोलिन कॉन्चेर्टो, ए मेजर, ओपस (रचना क्रमांक) 8. अर्पण केला गुरू बार्त्सेविचला. आणि 21 मार्च 1903 रोजी तो पहिल्यांदा वाजला कुठे, तर बर्लिनमध्येच: बर्लिन फिलहार्मोनिक, वादक बार्त्सेविच, कंडक्टर स्वतः कार्वोविच. ज्या शहराने वादक म्हणून नाकारलं तिथेच.

पुढे तो तात्रा पर्वताच्या पायथ्याशी झाकोपानेला राहायला गेला. गिर्यारोहण, स्कीइंग, फोटोग्राफी यांचं वेड होतं. 8 फेब्रुवारी 1909 ला एकटाच स्की घेऊन निघाला आणि मावी कोश्चेलेत्सच्या उतारावर हिमकडा कोसळून गेला. वय 32. त्या जागी एक स्मृतिशिला आहे, तिच्यावर स्वस्तिक कोरलेलं आहे. आपल्याकडचा माणूस ते बघून चमकतो, जर्मनीत राहणारा जरा जास्तच. पण तात्राच्या पहाडी लोकांत हे चिन्ह तेव्हा सर्रास वापरात होतं आणि शिला नाझींच्या उदयाआधीची आहे.

त्याच कार्वोविचने 1906 मध्ये 'लिथुआनियन रॅप्सोडी'ही लिहिली. झेंडे मनावर घेऊ नका म्हटलं ते यासाठीच.

हा कॉन्चेर्टो कसा आहे? कुठे कान द्यायचा?

साधारण अर्धा तास, तीन मूव्हमेंट, म्हणजे तीन भाग.

पहिल्याच क्षणी लक्ष हॉर्न या पितळी फुंकवाद्यांकडे ठेवा. हॉर्न भारदस्त हाक देतात आणि व्हायोलिन लगेच जाड, बहुस्वरी झटक्यांनी तिला उत्तर देतं. म्हणजे गज एकाच वेळी तीन-चार तारांवरून ओढायचा. जवळ बसला असाल तर वादकाचा उजवा खांदा किती काम करतो ते दिसेल. सुरुवात जिंकली तर वादक पुढे मोकळा होतो, चाचपडला तर पुढची दोन मिनिटं तुम्हालाही त्याची धास्ती लागते. मी वादकाला इथेच जोखतो.

दुसरी मूव्हमेंट 'रोमान्झा'. शांत, लांब गायलेली चाल. इथे व्हायोलिनचा आवाज ऑर्केस्ट्राखाली दबला तर चूक कंडक्टरची समजायची. तिसरी वेगवान, नाचरी, बोटांची परीक्षा घेणारी. चायकोव्हस्कीचा कॉन्चेर्टो ऐकला असेल तर त्याची आठवण येईल, आणि ती येणं योग्यच आहे, कार्वोविचचा तो आवडता संगीतकार होता. पण म्हणून याला चायकोव्हस्कीची नक्कल म्हणणारे लोक रोमान्झा नीट ऐकत नसावेत.

वादक आयत्या वेळी काही मनाने वाजवतो का, आपल्यासारखं?

नाही. सूर न् सूर लिहिलेला असतो. मध्ये ऑर्केस्ट्रा थांबतो आणि व्हायोलिन एकटं वाजतं, त्याला कडेन्झा म्हणतात. तेही या काळच्या कॉन्चेर्टोमध्ये बहुतेक वेळा संगीतकारानेच लिहिलेलं असतं. वादकाचं स्वातंत्र्य असतं ते आवाजाच्या जातीत, श्वास कुठे घ्यायचा यात, एखादा सूर किती रेंगाळू द्यायचा यात. दोन वेगवेगळी रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकली की हे चटकन कळतं.

व्हायोलिन तेच का, जे आपल्याकडे वाजवतात?

वाद्य तेच, वागणूक वेगळी. व्ही. जी. जोग किंवा डी. के. दातार यांना ऐकत मोठे झालेल्यांना हा प्रश्न पडतोच. आपल्याकडे वादक मांडी घालून बसतो, व्हायोलिनचं एक टोक छातीखांद्याशी आणि दुसरं पायाच्या घोट्याजवळ टेकवतो. त्यामुळे डावा हात मोकळा होतो आणि मींड हवी तशी घेता येते. इथे वादक उभा असतो, वाद्य हनुवटी आणि खांदा यांत धरलेलं. तारा जी, डी, ए, ई अशा लावतात, शेजारशेजारच्या तारांत षड्ज-पंचमाचं अंतर. आपल्याकडे बहुतेक जण तारा सा आणि प यांवरच लावतात.

सुरुवातीला सगळा ऑर्केस्ट्रा सूर लावतो तेव्हा ओबो हे वाद्य 'ए' हा सूर धरून देतं. कार्यक्रम सुरू झाला असं समजून टाळ्या वाजवू नका. तंबोरा जुळवण्याची वेळ आहे ती.

शुमानची सिम्फनी कशी आहे?

तिला 'वसंत' म्हणतात. सप्टेंबर 1840 मध्ये क्लाराशी लग्न झालं आणि जानेवारी 1841 मध्ये शुमानने चार दिवसांत अख्ख्या सिम्फनीचा आराखडा लिहून काढला. सुरुवात ट्रम्पेट आणि हॉर्न यांच्या पुकाऱ्याने. हा पुकारा आधी सा-ग एवढ्या अंतराने खाली लिहिला होता. तेव्हाच्या बिनझडपांच्या पितळी वाद्यांवर ते सूर धड निघेनात, म्हणून वर सरकवला. आज ऐकताना तो जणू पहिल्यापासून तिथेच होता असा वाटतो.

दुसरी मूव्हमेंट संपता संपता ट्रॉम्बोन अगदी हळू आवाजात काहीतरी गंभीर बोलतात. ती तिसऱ्या मूव्हमेंटच्या चालीची चाहूल असते, आणि मध्ये न थांबता ती सुरूही होते. शेवटच्या मूव्हमेंटमध्ये एका जागी सगळं थांबून बासरी एकटी वाजते, तेवढी चुकवू नका.

शुमान आणि पोलंड यांचंही नातं आहे: 1831 मध्ये लाइपझिगच्या एका संगीत नियतकालिकात शोपँचं तोंडभरून कौतुक करणारा लेख लिहिला तो शुमानने, तेव्हा दोघंही एकवीस वर्षांचे होते.

टाळ्या केव्हा वाजवायच्या?

मूव्हमेंटच्या मध्ये नाही, रचना संपल्यावर. मोजत बसायचं नसेल तर कंडक्टरचे हात बघा: पूर्ण खाली आले आणि तो वळला की वाजवा. मैफलीत दाद देण्याची सवय असलेल्याला जड जातं हे. 'वाह' ओठांवर येऊन परत गिळावी लागते. बऱ्याच कॉन्चेर्टोंची पहिली मूव्हमेंट दणक्यात संपते, तिथे कधीकधी कुणीतरी टाळ्या वाजवतंच. तुम्हीही वाजवल्यात तर कुणी बाहेर काढणार नाही.

उशीर झाला तर? कपडे? मुलांना नेता येईल का?

उशीर झाला तर दार बंद, पहिली रचना संपेपर्यंत बाहेर उभं राहायचं. म्हणजे चुर्ल्योनिस गेला! वीस मिनिटं आधी पोहोचा, कारण हिवाळ्यात जाड कोट खाली जमा करण्याची रांग मोठी असते आणि कोट घेऊन हॉलमध्ये सोडत नाहीत. कपडे नीटनेटके असले की झालं. साडी नेसून जा, अवश्य, शेजारच्या आजीबाई चौकशी करतील. सात-आठ वर्षांचं मूल पहिला भाग आरामात बसून ऐकतं, शुमानपर्यंत टिकेलच असं नाही. सगळं मिळून मध्यंतरासह दोन तासांच्या आत संपतं. विद्यार्थ्यांना बऱ्याच ठिकाणी सवलत असते, ओळखपत्र सोबत ठेवा.

खोकल्याची गोळी कागद काढून खिशात ठेवा. कागदाचा आवाज खोकल्यापेक्षा वाईट.

माझ्या पोस्टरवर कार्वोविच नाही, दुसरंच पोलिश नाव आहे.

व्येन्याव्स्की असेल तर बहुधा त्याचा दुसरा कॉन्चेर्टो, डी मायनर, 1862 चा. तो स्वतः जगभर फिरणारा वादक होता, त्यामुळे व्हायोलिनला काय शोभतं हे त्याला पुरेपूर माहीत. शिमानोव्स्की असेल तर 1916 चा पहिला कॉन्चेर्टो असण्याचा संभव जास्त. तो एकसलग, स्वप्नाळू, मूव्हमेंटांची विभागणी नसलेला. पहिल्यांदा ऐकताना तो हातातून निसटतो, दुसऱ्यांदा ऐका.

आणि बात्सेविच असेल तर आनंदाने जा. ग्राझिना बात्सेविच, जन्म 5 फेब्रुवारी 1909, म्हणजे कार्वोविच गेला त्याच्या तीनच दिवस आधीचा. स्वतः अव्वल व्हायोलिनवादक, आणि तिने व्हायोलिनसाठी सात कॉन्चेर्टो लिहिले. वडील लिथुआनियन, आई पोलिश. ग्राझिना पोलंडची संगीतकार झाली आणि तिचा सख्खा भाऊ व्हितौतास बात्सेव्हिचुस लिथुआनियाचा. तोही संगीतकार, तो काउनासला गेला. एका घरातल्या भावंडांनी दोन देश निवडले, आणि आडनावंसुद्धा दोन तऱ्हेने लिहिली. तिचं नाव कार्यक्रमात असेल तर पोस्टरवरचा लिथुआनियन-पोलिश मेळ आयोजकाने विचार करून घातला आहे असं समजा.

एवढं लांब नको. मुंबईत किंवा गोव्यात असं काही ऐकायला मिळतं का?

मुंबईत 2006 पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये त्यांचे हंगाम होतात. तो उभा करणाऱ्यांपैकी मारात बिसेनगालिएव्ह हे स्वतः व्हायोलिनवादक आहेत. शुमान, ब्राम्स, बेथोव्हेन यांना तिथे ऐकण्याची संधी असते. चुर्ल्योनिससाठी मात्र वाट बघावी लागेल. गोव्यात चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिन शिकवलं गेलं, आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांत बसलेल्या कितीतरी वादकांची सुरुवात तिथली. तेव्हा घरात गोव्याचे आजोबा असतील तर त्यांना सोबत न्या, हॉर्न कुठे चुकला ते ते सांगतील.

जाण्याआधी काय ऐकून जावं?

सगळं ऐकू नका, मजा जाते. कार्वोविचसाठी नायजेल केनेडीचं किंवा टॅस्मिन लिटलचं रेकॉर्डिंग सहज मिळतं. केनेडी रांगडा वाजवतो, लिटल गाते. त्यातली फक्त रोमान्झा दोनदा ऐका. चुर्ल्योनिससाठी युओझास दोमार्कास कंडक्टर असलेलं रेकॉर्डिंग शोधा, आणि रात्री दिवा मालवून लावा. शुमान तसाच जाऊन ऐकलात तरी चालेल.